रहस्यपटाचा आरंभ आणि कथाबीजाची निवड : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपरिसराच्या संदर्भात

रहस्यपटाचा केवळ आरंभ, म्हणजे पहिली दोन-तीन मिनिटे, विद्यार्थ्यांनी चित्रित करावयाची आणि पुढील चित्रपट प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडावयाचा, असा एक स्वाध्याय पटकथालेखनाच्या अध्यापनात दिला जातो. इंग्लंडमधील विद्यापीठपूर्व माध्यम-अभ्यासक्रमात तो काही वर्षे परीक्षेचाच भाग होता. नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि आरंभ यांसाठी तेथे दोन मिनिटांची मर्यादा असे. मराठी विभागांतून पटकथेचे अध्यापन होऊ लागल्यावर येथेही तो उपयोगी पडावा. मात्र तो दिसतो तितका सोपा नाही. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांच्या अडचणी नंतरच्या. पहिली अडचण कथाबीजाची असते, आणि गटातील सर्वांना जी कल्पना तत्काळ पसंत पडते तीच पुष्कळदा सर्वांत निरुपयोगी निघते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते, कारण त्याच्याभोवती तयार कल्पनांची वाण नाही. ताडोब्याचा परिसर, तीन-चतुर्थांशांहून अधिक भूभाग वनाखाली असलेला गडचिरोली जिल्हा, चार दशकांहून अधिक काळ चाललेला सशस्त्र संघर्ष, आणि भानामतीच्या संशयावरून घडणारे अत्याचार. रहस्यपट करावयाचा म्हटले की वाघ, नक्षलवादी आणि भानामती ही तीन बीजे न बोलावता पुढे येतात. ती तिन्ही खरी आहेत. तरीही आरंभासाठी ती जशीच्या तशी घेणे का फसते आणि त्यांच्याऐवजी बीज कोठे शोधावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

बीज आणि मुखसंधी

‘कथाबीज’ हा शब्द मराठी समीक्षेत सैलपणे वापरला जातो. कधी त्याने कथेचा सारांश सूचित होतो, कधी विषय, तर कधी लेखकाला सुचलेली पहिली घटना. भरताच्या नाट्यशास्त्रात आणि धनंजयाच्या दशरूपकात मात्र बीजाला निश्चित स्थान आहे. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृतींपैकी ते पहिले. आरंभी अल्प स्वरूपात सूचित झालेले, पुढे अनेक प्रकारे विस्तारणारे आणि शेवटी फलात परिणत होणारे, अशी त्याची कल्पना आहे. ज्या भागात हे बीज उत्पन्न होते तो मुखसंधी. विद्यार्थ्याला जो दोन मिनिटांचा आरंभ करावयाचा आहे तो या परिभाषेत मुखसंधीचाच एक तुकडा होय. यातील ‘अल्प’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बीज लहान असते. ते एखाद्या वस्तूत, एखाद्या चुकलेल्या शब्दात, एखाद्या न आलेल्या माणसात मावते. विद्यार्थी मात्र बहुधा फळापासून सुरुवात करतो: प्रेत, स्फोट, किंकाळी. फळ आधीच हाती दिल्यावर विस्ताराला जागा उरत नाही.

संस्कृत नाटकांत राजकीय रहस्यनाट्य म्हणून निःशंकपणे ज्याचे नाव घ्यावे ते विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’. त्याचा आरंभ या स्वाध्यायाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रस्तावनेत सूत्रधार नटीशी चंद्रग्रहणाविषयी बोलत असतो. ‘चंद्रा’ला ग्रासू पाहणाऱ्याचा उल्लेख होताच पडद्याआडून चाणक्य गरजतो; कारण त्याच्या कानी पडलेला चंद्र हा चंद्रगुप्त असतो. एका श्लेषाने घरगुती संभाषणाचे रूपांतर राजकीय धोक्यात होते. कोणी मारले जात नाही, शस्त्र उपसले जात नाही. परंतु या नगरात साधा शब्दही सुरक्षित नाही, हे प्रेक्षकाला कळून चुकते. त्यानंतर पहिल्या अंकात प्रत्यक्ष बीज येते. यमपट घेऊन दारोदार फिरणारा चाणक्याचा हेर श्रेष्ठी चंदनदासाच्या घरी पोचतो. एक लहान मूल कुतूहलाने बाहेर धावते, आतून स्त्रियांचा गलबला ऐकू येतो, एक स्त्री किंचित बाहेर येऊन मुलाला आत ओढते आणि त्या धांदलीत तिच्या बोटातून सैल झालेली अंगठी घरंगळत हेराच्या पायाशी येते. अंगठीवर राक्षसाचे नाव कोरलेले असते. नाटकाचे सगळे राजकारण या घरंगळलेल्या मुद्रेवर उभे राहते.

अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची, म्हणून स्त्रीच्या बोटात सैल. मूल बाहेर धावले, कारण मुले धावतातच. आईने त्याला ओढले, कारण ती आई होती. म्हणजे बीज घडवून आणलेले वाटत नाही. घराच्या नेहमीच्या व्यवहारातून ते निसटते. दोन मिनिटांच्या चित्रपटाला याहून चांगला धडा आधुनिक पटकथेच्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडणे कठीण आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला तो घरबसल्या उपलब्ध असताना या बाबतीत हॉलिवुडचेच दाखले दिले जावेत, ही गोष्ट काहीशी विचित्र म्हणावी लागेल.

अर्थात बाहेरचे दाखलेही टाकून देण्यासारखे नाहीत. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोशी १९६२ मध्ये केलेल्या व पुढे ग्रंथरूपाने आलेल्या संभाषणात धक्का आणि उत्कंठा यांतील फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगितला. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल, तर समोर चाललेल्या गप्पा त्याला असह्य होतात. हे उदाहरण आता इतके सर्वपरिचित झाले आहे की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. त्यातील महत्त्वाचा भाग बॉम्ब नसून त्या निरर्थक गप्पा होत. नेहमीचा व्यवहार चालू राहिला पाहिजे. तोच प्रेक्षकाला जाचतो.

फ्रिट्झ लांगच्या ‘एम्’ (१९३१) या जर्मन चित्रपटाचा आरंभ त्याहून अधिक बोलका आहे. अंगणात मुले रिंगण करून गाणे म्हणत एकेकाला बाद करण्याचा खेळ खेळत आहेत. गाणे खुन्याविषयी आहे. वर एका घरात आई मुलीसाठी जेवणाची मांडणी करते आहे. घड्याळ पुढे जाते. आई जिन्यातून हाका मारते. मग रिकामा जिना, रिकामा माळा, न वापरलेली ताटली, गवतावर घरंगळत येणारा चेंडू, तारांत अडकलेला फुगा. हत्या दिसत नाही. वाढून ठेवलेले ताट आणि न आलेले माणूस, एवढ्यावर तो आरंभ उभा आहे. ‘मुद्राराक्षसा’तील अंगठी आणि ‘एम्’मधील चेंडू, दोन्ही घरंगळत येतात, हा योगायोग असेल, पण दोन्हीकडे माणसाऐवजी वस्तू बोलते, हा योगायोग नाही.

मराठीतील पूर्वपीठिका

मराठी चित्रपटात रहस्याची परंपरा विरळ असली तरी तिच्यात दोन आरंभबिंदू लक्षणीय आहेत. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्यावरून पुढे राज खोसला यांचा ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. त्याचे बीज एका वाक्यात सांगता येते: पत्नीच्या निधनाचे दुःख भोगणाऱ्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची स्त्री आरोपी म्हणून उभी राहते. दुसरे उदाहरण जब्बार पटेल यांच्या ‘सामना’चे (१९७५). विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव हे तर सर्वांच्या स्मरणात आहेतच. परंतु त्या चित्रपटाची पकड एका प्रश्नात आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले? हा माणूस साखरसम्राटाच्या साम्राज्यातील एक सामान्य असामी आहे. त्याची अनुपस्थिती कोणालाही जाणवत नव्हती, एका उपऱ्या दारुड्या मास्तराला ती जाणवली, आणि मग ती सगळ्या गावाला छळू लागली. रहस्यपट आणि सामाजिक चित्रपट यांत भिंत घालण्याची सवय असलेल्या समीक्षेने ‘सामना’चा रहस्यपट म्हणून विचार फारसा केलेला नाही. विद्यार्थ्यांनी तो त्या दृष्टीने पाहावा.

लिखित साहित्याकडे वळल्यास एक दुभंग दिसतो. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांपासून मराठी रहस्यकथेचे मन शहरात रमले आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ मध्यमवर्गीय घरात आणले, हे त्यांचे मोठे कार्य. दुसऱ्या बाजूला वनाविषयीचे मराठी लेखन, विशेषतः विदर्भाच्या वनांविषयीचे, अत्यंत समृद्ध आहे. वनाधिकारी म्हणून आयुष्य वेचलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५), नागझिऱ्यात वानरांचे निरीक्षण करून ‘सत्तांतर’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर, हेमलकशाच्या अनुभवातून ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहिणारे विलास मनोहर ही नावे सहज आठवतात. पण या दोन धारा एकमेकींना क्वचितच भेटल्या. रहस्यकथेत अरण्य आले ते काळोख आणि घुबडाचा घूत्कार एवढ्यापुरते. वनसाहित्यात गूढ आले ते निसर्गाविषयीच्या विस्मयाच्या रूपाने. वनात रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या व्यवहारातून निघणारे रहस्य दोन्हीकडे जवळजवळ नाही. विद्यार्थ्यासाठी रिकामी जागा नेमकी येथे आहे.

तीन तयार बीजे

प्रथम वाघ. चंद्रपूर आणि लगतच्या वनविभागांत माणूस व वाघ यांच्यातील संघर्ष ही दैनंदिन वस्तुस्थिती आहे. तेरा माणसांच्या मृत्यूस कारण ठरलेला ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद करण्यात आला. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रियांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा परिसरात वाघाला रहस्यपटातील खलनायक करणे विद्यार्थ्याला स्वाभाविक वाटते. अडचण अशी की वाघाला हेतू नसतो. झुडूप हलले, किंकाळी आली, चप्पल पडलेली दिसली, की प्रेक्षकाला उत्तर कळते. प्रश्न उरतच नाही. उरते ती भीती, आणि ती भयपटाची सामग्री होय. शिवाय व्यावहारिक बाजू आहेच. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची अनुमती लागते, आणि वाघ वेळेवर येत नाही. परिणामी विद्यार्थी कोठून तरी मिळवलेले वाघाचे दृश्य जोडतो आणि तो जोड पहिल्याच क्षणी उघडा पडतो.

नक्षलवादाच्या बीजाची गोष्ट वेगळी. येथे हेतू आहेत, इतिहास आहे, दोन्ही बाजूंची प्रेते आहेत. परंतु रायफल, हिरवा गणवेश, भूसुरुंग या चिन्हांची इतकी आवृत्ती झाली आहे की ती पडद्यावर येताच प्रेक्षक आपली ठरलेली भूमिका घेऊन बसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर तर या विषयाचे स्वरूपच बदलले असून, बंदूकधारी माणसापेक्षा परत आलेला माणूस हा आता अधिक कठीण आणि अधिक खरा विषय आहे. अमित मसुरकर यांच्या ‘न्यूटन’ (२०१७) या छत्तीसगडमध्ये घडणाऱ्या हिंदी चित्रपटाच्या आरंभी प्रचाराला निघालेल्या नेत्याची नक्षलवाद्यांकडून हत्या होते. तो आरंभ परिणामकारक आहे. तरीही त्या चित्रपटाचा खरा ताण त्या हत्येतून येत नाही. जंगलातील मतदान केंद्र, यादीतील शहात्तर मतदार आणि संपत चाललेली वेळ यांतून तो येतो. एक यादी, एक आकडा, आणि समोर न आलेली माणसे. यादीतील ही शक्ती पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

भानामतीच्या बाबतीत प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात असताना ही घटना घडली. अशा जिल्ह्यात एखाद्या विद्यार्थिगटाने विस्कटलेल्या केसांची म्हातारी, लिंबू, टाचण्या आणि पार्श्वसंगीत यांच्या बळावर रहस्यपटाचा आरंभ केला, तर तो चित्रपट अजाणता खांबाला बांधणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. म्हातारीचा चेहरा भीतिदायक करून दाखवणे म्हणजे जमावाचे डोळे प्रेक्षकाला देणे होय. पुढे दोन तासांनी ती निर्दोष ठरेल, हा बचाव दोन मिनिटांच्या चित्रपटाला उपलब्ध नाही. त्याचे पुढचे दोन तास अस्तित्वातच नसतात. आरंभात जे दाखवले तेच अखेरचे विधान ठरते. हा विषय घ्यावयाचाच असेल तर कॅमेरा बांधणाऱ्याच्या मागे नको, बांधल्या जाणाऱ्याच्या दाराआड हवा: बाहेर माणसे जमत आहेत, एकेकाचा आवाज ओळखीचा आहे, आणि कोणीतरी तिचे नाव प्रथमच पूर्ण घेते आहे. येथे रहस्य असे की या ओळखीच्या माणसांपैकी पहिले बोट कोणी दाखवले, आणि का.

या तिन्ही बीजांत एक समान दोष आहे. त्यांत या प्रदेशातील माणूस बळी, बंडखोर किंवा मांत्रिक म्हणून येतो; काम करणारा म्हणून येत नाही. बाहेरून येणारा चित्रपट त्याला तसे पाहतो, हे समजू शकते. येथील विद्यार्थ्याने तीच नजर उसनी घ्यावी, याला कारण नाही.

तेंदूफळीवरील एक गाठ

बीजाचा शोध घेताना त्या प्रदेशाची कामे, त्यांच्या वेळा आणि त्यांतील मोजमापे यांची आधी टिपणे करावीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे वेचली जातात. त्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केली जाते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. तो थोड्याच दिवसांचा असतो, आणि त्या दिवसांत गावाचे सगळे घड्याळ बदलते. पहाटे अंधारातच माणसे, त्यांतही स्त्रिया अधिक, जंगलात जातात. ऊन चढण्याआधी पाने घेऊन परततात. दुपारभर घरातील लहानथोर मिळून सत्तर पानांचे एकेक पुडके बांधतात. संध्याकाळी ती पुडकी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेली जातात. मोकळ्या साफ केलेल्या जमिनीवर ती ओळीने मांडली जातात. फळीमुन्शी मोजतो, नावापुढे आकडा लिहितो. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पेसा आणि वनाधिकार कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा ही विक्री स्वतः करतात. त्यामुळे वहीतील आकड्याला आता गावाच्या स्वतःच्या हिशोबाचे वजन आले आहे.

फळी हे दृश्य म्हणून विलक्षण आहे. उतरते ऊन, जमिनीवर शेकडो हिरव्या पुडक्यांच्या सरळ ओळी, धूळ, मोजणीचा एकसुरी आवाज, आणि सगळे गाव एका ठिकाणी. कृत्रिम प्रकाश लागत नाही, संरक्षित क्षेत्रात शिरावे लागत नाही. आता या व्यवहारात एकच गोष्ट चुकवावी. मुन्शी एका बाईचे नाव पुकारतो. पुडकी मांडलेली आहेत, बाई नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी पुढे होते आणि माय येते आहे म्हणते. मुन्शी मान न वर करता मोजत राहतो, आकडा लिहितो, पुढचे नाव घेतो. व्यवहार पुरा झाला. शेजारची बाई आपली पुडकी मांडताना त्या ओळीकडे पाहते, खाली बसते, एक पुडके उचलते. तिचा अंगठा गाठीवर थांबतो. गाठ त्या बाईच्या हाताची नाही. ती पुडके होते तसे ठेवते आणि मुलीकडे बघते. मुलगी तिच्याकडेच बघत असते. मागे मोजणी चालू. येथे श्रेयनाम यावे.

वर्षानुवर्षे शेजारी बसून पुडकी बांधणाऱ्या दोन स्त्रियांना एकमेकींच्या हाताची गाठ ओळखू यावी, हे गृहीत धरण्यास हरकत नाही. आणि ही गाठ म्हणजे राक्षसाची मुद्राच होय. तीही नावासारखी, तीही खोट्या हातात सापडलेली. या बीजाची परीक्षा घ्यावयाची तर ते विशेषणे न वापरता प्रश्नरूपात मांडून पाहावे: जी बाई आज जंगलातून परतली नाही, तिच्या नावाची पुडकी कोणी बांधली? यात ‘भयानक’, ‘गूढ’, ‘अज्ञात’ यांपैकी एकही शब्द लागत नाही. वाघाच्या बीजाची अशीच परीक्षा घेतल्यास वाक्यात प्रश्नचिन्ह येतच नाही, हे विद्यार्थ्याच्या लगेच लक्षात येईल. दुसरे असे की येथे तीन माणसांचे ज्ञान तीन पातळ्यांवर आहे. मुन्शीला काहीच ठाऊक नाही, शेजारणीला आत्ताच कळले, मुलीला आधीपासून ठाऊक आहे. प्रेक्षक शेजारणीबरोबर चालत येऊन मुलीपाशी अडतो. दोन मिनिटांत याहून अधिक पात्रे घेऊ नयेत.

बीज निवडताना विद्यार्थी पुष्कळदा उत्तर नंतर पाहू म्हणतात, कारण स्वाध्याय आरंभापुरताच असतो. ही सवलत घातक आहे. उत्तर ठाऊक नसलेल्या लेखकाचा आरंभ सर्व दिशांना सारखाच संशय पेरतो: प्रत्येक पात्र तिरके पाहते, प्रत्येक दार करकरते. उत्तर ठाऊक असेल तरच मुलीच्या चेहऱ्यावर नेमके काय असावे, हे दिग्दर्शकाला सांगता येते. फळीवरील बीजाची किमान तीन उत्तरे संभवतात. बाई पहाटेच गाव सोडून गेली आणि निदान एक दिवस कोणी शोधू नये म्हणून मुलीने रात्री दुसऱ्या कोणाकडून पुडकी बांधून घेतली. मग मुलीच्या चेहऱ्यावर निर्धार हवा. किंवा घरातील कोणी तिला इजा केली आणि ती दिवसभर कामावर होती असे वहीत नोंदले जावे, ही त्याची गरज आहे. मग मुलीची नजर शेजारणीकडे नसून तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असेल, आणि ती चौकट आधीच रचावी लागेल. तिसरे उत्तर सर्वांत जड आहे. पाने तोडताना बाई गावाच्या हद्दीबाहेर, जेथे जाण्यास मनाई होती अशा वनखंडात गेली आणि तेथे वाघाने तिला मारले. घरच्यांना मृत्यू लपवावयाचा नाही. त्यांना फक्त त्याची जागा आणि वेळ बदलावयाची आहे, कारण मदत मिळणे न मिळणे त्यावर ठरेल, असे त्यांना वाटते. मग पुडकी बांधणारे हात शोक करणाऱ्यांचेच निघतात. टाकून दिलेले वाघाचे बीज येथे परत येते. ते आता झुडपातून येत नसून नियम, दारिद्र्य आणि वही यांच्यामधून येते.

बोली आणि स्थळ

दुसरे एक क्षेत्र केवळ उल्लेखापुरते. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारा झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम, त्याचे वडसा हे केंद्र, आणि गावोगावी रात्रभर रंगणारी नाटके हे वैभव विद्यार्थ्याच्या दाराशी आहे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर तिच्याकडे बाहेरच्यांचेही लक्ष गेले. पहाटे नाटक संपते, गर्दी पांगते, मैदानात लावलेली वाहने एकेक करून निघून जातात, आणि उजाडताना एक सायकल उरते. तिच्या हँडलला दोन माणसांचा डबा आहे. हे बीज फळीवरील बीजाइतके घट्ट नाही, कारण सायकलीचा धनी कोण हे प्रेक्षकाला आधी कळवावे लागते आणि त्यात वेळ जातो. तरी ते स्वस्तात चित्रित होते आणि त्यात रात्रीच्या रंगमंचाचा सगळा झगमगाट फुकट मिळतो.

बोलीविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. पूर्वेकडील झाडीबोली, दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया, कोरचीकडे छत्तीसगडी, मुलचेरा-चामोर्शी भागातील वसाहतींत बंगाली: एवढ्या भाषांच्या प्रदेशात ‘ग्रामीण मराठी’ नावाची एकच बोली पात्रांच्या तोंडी घालणे हा आळस होय, आणि तो येथील प्रेक्षकाला पहिल्या वाक्यात कळतो. ‘ण’च्या जागी ‘न’ घातला की झाडीबोली होत नाही. फळीमुन्शी कोठला, पाने तोडणारी बाई कोठली, हे ठरल्याशिवाय संवाद लिहू नये. किंबहुना दोन मिनिटांच्या आरंभात संवाद जितके कमी तितके बरे. फळीवरील दृश्यात मुलीचे एक वाक्य आणि मुन्शीची मोजणी एवढे पुरते. मोजणी कोणत्या भाषेत व्हावी, एवढ्या एका निर्णयाने स्थळ निश्चित होते. मुन्शी बाहेरचा असेल तर तो हिंदीत मोजेल, ग्रामसभेचा असेल तर गावच्या बोलीत. पहिल्या प्रकारात गाठ ओळखणारी शेजारीण गप्प राहील, कारण परक्याला सांगावयाचे नसते. दुसऱ्या प्रकारात मुन्शी तिचा नात्यातला निघू शकतो. मग तिने ते पुडके होते तसे परत ठेवणे, हे साधे दिसणारे कृत्य, तिच्यासाठी फार अवघड होऊन बसते.